खंडोबाच्या किड्यासाठी घडीची जाळी: पाच महिने वापरून

खाली बारा मशिनींचा कारखाना, वर घर. शाळांचे गणवेश शिवतो, कटिंग स्वतः करतो. त्यामुळे शिवलेली कुठलीही वस्तू हाती आली की माझे हात आधी ती उलटी करतात. बायको अजून सांगते, लग्नात सासऱ्यांनी सफारी शिवून आणली तर ह्यांनी मांडवातच अस्तर उलटून बघितलं. तशी ही जाळीही उलटून बघितली. पण ती कशी आहे हे तिच्यात काय काय घडलं ते सांगितल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून जरा लांबण लागणार. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा: घ्या, मोठ्या मापाची घ्या, आणि चेनच्या फटीवर घरी पट्टी शिवल्याशिवाय वापरू नका.

फुलपाखरांच्या अळ्या वाढवणारे लोक वापरतात तीच ही जाळी. माप ४० बाय ४०, उंची ६० सेंटिमीटर. तीन बाजू आणि छत जाळीचं, समोर पारदर्शक प्लास्टिक, बाजूला चेन. ऑनलाइन मागवली, ७४९ रुपये. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच मालावर पाच-सहा जणांची लेबलं असतात, ते आमच्या धंद्यातही चालतं.

आता ही कशाला लागली ते सांगतो. माझी पोरगी नववीत आहे. जुलैत तिला अंगणातल्या कढीपत्त्यावर बोटाच्या पेराएवढी दोन हिरवी पिल्लं सापडली. पुढचे दोन पाय जोडून बसतो म्हणून पुस्तकात ह्याला प्रार्थनाकीटक म्हणतात, आमच्याकडे खंडोबाचा किडा. काही जण सरसकट नाकतोडा म्हणतात, पण नाकतोडा पाला खातो आणि हा शिकार करतो. मान एवढी वळवून मागं बघणारा किडा मी तरी दुसरा बघितला नाही. पोरीनं फोटो जुळवून शोधून काढलं की हा हायरोड्यूला नावाच्या गटातला, आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी सापडतो, आणि दोन्ही माद्या आहेत. मादी ओळखायची खूण सोपी आहे. पोटाखालच्या पट्ट्या मोजायच्या. मादीला सहा दिसतात, नराला आठ. शिवाय नर अंगानं काटकुळा आणि त्याच्या मिशा लांब.

नावं ठेवताना घरात खटका उडाला. आई दर चंपाषष्ठीला इथल्या, सोलापूरच्या बाळ्याच्या खंडोबाला जाते. तिनं बजावलं, किड्याला देवाचं नाव नको.

"मग म्हाळसा ठेवू, आजी?"

"नाही."

"बानू?"

"जिभेला काही हाड आहे का गं तुझ्या?"

शेवटी एक थोरली, एक धाकटी. आईला कळलं काय ते, पण हसली आणि पुढं बोलली नाही.

तेव्हा दोघी फरसाणाच्या रिकाम्या बरण्यांत होत्या. झाकणाला भोक पाडून वर मच्छरदाणीचा तुकडा. लहानपणी हे चालतं. पण हा किडा कात टाकताना उलटा लटकतो आणि जुन्या कातीतून खाली सरकत बाहेर येतो, म्हणून त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट मोकळी उंची लागते. थोरलीनं शेवटची कात अनंत चतुर्दशीला टाकली, नीट. धाकटीनं पाच दिवसांनी, पितृपक्षात. तिची बरणी बुटकी होती. डावा पंख बरणीच्या तळाला टेकला आणि चुरगळला तसाच वाळला, इस्त्रीत दुमडलेल्या कॉलरसारखा. एकदा पंख आले की पुन्हा कात नाही, त्यामुळे तो पंख शेवटपर्यंत तसाच राहिला. ती चूक माझी, बरण्या मीच निवडल्या होत्या.

ह्याच सुमारास पोरीनं विचारलं, "पप्पा, जोडी लावली की ह्या लवकर मरतात का?" कुठंतरी वाचलं होतं तिनं, की जोडी न लावलेली मादी जास्त दिवस जगते, आणि नर तर जोडीनंतर मरतोच. माझाही समज तोच. मादी नराला खाते एवढं ऐकून सगळ्यांना ठाऊक असतं.

नवरात्रात एका शाळेची राहिलेली ऑर्डर पुरी करत रात्री बसलो होतो. ट्यूबलाइटला एक नर येऊन धडकला. रात्री उजेडाला येतात ते बहुतेक नरच. माद्या पोटानं जड, फार उडत नाहीत. मादी रात्री पोटाचं टोक वाकवून वास सोडते आणि नर त्या वासावर येतो, म्हणून त्याला लांब मिशा. थोरलीला पंख येऊन वीस दिवस झाले होते. जाणकार सांगतात की मादीला शेवटच्या कातीनंतर दोन-तीन आठवडे द्यावेत, मग जोडी लावावी. म्हणजे वेळ बरोबर होती. जागा चुकली.

माशांच्या दुकानातून आणलेली २० सेंटिमीटर लांबीची प्लास्टिकची पेटी होती, २२० रुपयांची. तीत थोरलीला ठेवलं आणि नराला सोडलं. गुळगुळीत भिंती, पाय धरायला जागा नाही. नर घसरून नेमका तिच्या तोंडासमोर आला. तिनं मान वळवली, तो दगड झाला. तिनं मान फिरवली, त्यानं एक पाऊल टाकलं. पुन्हा मान वळली. मी चष्मा पुसून परत लावेपर्यंत तिनं पुढच्या पायांत त्याला आवळलं होतं. मशिनीवरचा पोरगा ओरडला, "मास्तर, मुंडकं खायलीय की ओ ती!" सगळ्या मशिनी थांबल्या. बाकी सगळं सोडा, मला जे दिसलं ते असं: मुंडकं गेल्यावरही त्या नराच्या पोटाचं टोक वाकडं होऊन काहीतरी चाचपत होतं. पाचेक मिनिटं. बिनडोक धड आणि काम चालू.

ह्याचा उलगडा जुना आहे. १९३५ साली अमेरिकेत केनेथ रोडर ह्यांनी प्रयोग करून दाखवलं होतं की नराच्या डोक्यात एक मज्जागाठ असते, ती मीलनाच्या हालचालींना लगाम घालून ठेवते. डोकं गेलं की लगाम गेला. धड आपलं काम करत राहतं, कधी कधी जोडीही लागते. त्यावरून लोकांनी समज करून घेतला की मादीनं मुंडकं खाल्ल्याशिवाय जोडी लागतच नाही. ते खोटं. धडधाकट, मुंडक्यासकट नर जोडी लावून सुखरूप निघून जातो आणि रानात बऱ्याच जोड्यांत तसंच होतं.

मग आमचा का गेला? तर त्या आठवड्यात पोरीची चाचणी होती आणि थोरलीला तीन दिवस कोणी खायला घातलं नव्हतं. उपाशी मादीसमोर, पळायला जागा नसलेल्या पेटीत मी नर सोडला होता. त्याला मीलनानं मारलं असं म्हणताच येत नाही, मीलन झालंच नव्हतं. मारलं मी आणि त्या २० सेंटिमीटरनं. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं फोनवर ही जाळी दाखवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. वितभर रुंदीची चपटी चकती. फीत सोडताच फटकन उघडते, तोंडाजवळ धरू नका. कडांच्या पायपिंगमध्ये पोलादी तार घातलेली आहे, त्या तारेवरच सगळा डोलारा उभा. पायपिंग चांगलं आहे, कुठंही तार बाहेर डोकावत नाही.

जाळीचं कापड पॉलिस्टरचं, मच्छरदाणीच्या जातीचं, छिद्र मिलिमीटरभराचं. नखानं ओढून बघितलं, धागा सरकत नाही. हे मला आवडलं. ह्या किड्याच्या पायाला बारीक आकडे असतात, काचेवर त्याला कष्ट पडतात, ह्या जाळीवर तो छताला उलटा लटकून दिवसच्या दिवस निवांत राहतो. ७४९ पैकी ५०० रुपये ह्या छताचेच समजा.

शिलाई मात्र कामचलाऊ. इंचाला सात-आठ टाके. आम्ही शर्टाला बारा-तेरा मारतो आणि तरी शाळावाले तक्रार करतात. कोपऱ्यात उलटा टाका मारलेला नाही, त्यामुळे शिवण सुटायला तिथून सुरुवात होते. आत धाग्यांची टोकं कापलेली नाहीत. गणवेशात लोंबता धागा म्हणजे फक्त दिसायला वाईट. इथं त्यात किड्याचा पाय गुंततो. धाकटीचा मागचा पाय एकदा असाच अडकला, मी धागा तोडायच्या कात्रीनं हळूच सोडवला, तरी पायाचं टोक गेलं. वापरण्याआधी जाळी उलटी करा, सगळे धागे मुळापासून कापा, कोपऱ्यांना हातानं चार-चार टाके घाला. अर्ध्या तासाचं काम आहे.

चेन बारीक नायलॉनची, दोन रनर. दोन्ही रनर एकमेकांना भिडवले तरी मध्ये तीन-चार मिलिमीटरची फट उरते. तेव्हा मी म्हटलं, एवढी फट काय करणार. लक्षात ठेवा ही फट.

आता ज्यासाठी घेतली ते. कोजागरीच्या रात्री गच्चीत दूध आटवत होतो, दिव्याला दुसरा नर आला. ह्या वेळी घाई केली नाही. आधी थोरलीला पाच दिवस पोटभर खाऊ घातलं. आरोवाना मासा पाळणाऱ्यांसाठी माशांच्या दुकानात सुपरवर्म नावाच्या अळ्या मिळतात, त्या चिमट्यानं. शिवाय माशा, टोळ. फवारणी झालेल्या भागातले किडे देऊ नका, ते आधी विष खाऊन बसलेले असतात. तिचं पोट चांगलं फुगलं. मग रविवारी रात्री तिला जाळीच्या छताला एका कोपऱ्यात लटकू दिलं, तिच्या हातात एक जाडजूड पतंग दिला आणि नराला तिच्या पाठीमागं, दुसऱ्या टोकाला सोडलं.

इथं ६० सेंटिमीटरची किंमत कळली. नर ताबडतोब थिजला. मग घड्याळाच्या काट्यासारखा सरकायला लागला. ती हलली की हा थांबायचा, तिनं घास घेतला की एक पाऊल. अधूनमधून अंग डोलवायचा, वाऱ्यानं पान हलावं तसं. हातभर अंतर कापायला त्याला दीड तास लागला. शेवटी चार बोटांवरून एकदम उडी, थेट पाठीवर. पुढच्या पायांनी तिच्या पंखांच्या मुळाशी घट्ट धरलं आणि पोटाचं टोक बाजूनं वळवलं. रात्रीचे दहा वाजले होते.

त्या पहाटे आमच्या गल्लीत पाणी यायचं होतं, त्यामुळे मी तसाही अर्धवट जागा. बारा, दोन, साडेतीनला टॉर्चवर लाल कापड धरून बघून आलो. ती त्याला पाठीवर घेऊन निवांत बसलेली, एकदा तर त्या अवस्थेत पुढचा पाय चाटून साफ करत होती. दोघांचे डोळे अंधारात काळेभोर झालेले, दिवसा हिरवट असतात. पाचच्या सुमारास मोटार लावून वर आलो तेव्हा तो सुटला होता. सुटला म्हणजे अक्षरशः खाली पडला, छतावरून तळाला, आणि तिथून धावत कोपऱ्यात. तिनं मान वळवून खाली बघितलं. ६० सेंटिमीटरवरून हात पोचत नाही. मी चेन उघडून त्याला बरणीत घेतलं. आईनं चहा टाकला आणि विचारलं, "जिवंत हाय का जावई?"

जावई पुढं ३३ दिवस जगला. आमच्याकडं येऊन एकूण ३९ दिवस. ह्या जातीत पंख आलेला नर साधारण दोन-तीन महिने काढतो, कधी त्याहून कमी, आणि आमच्याकडे येण्याआधी तो रानात किती दिवस होता हे त्यालाच माहीत. जोडीनंतर तो दोन दिवस जेवला नाही, मग पूर्ववत माशा मारायला लागला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पायांची टोकं झडायला लागली. हे म्हातारपण. १४ तारखेला सकाळी बरणीच्या तळाशी मिटलेला होता. म्हणजे जोडी लागली की नर मरतो, ही गोष्ट आमच्या घरात तरी खोटी ठरली. ज्यानं जोडी लावली तो म्हातारा होऊन मेला, आणि जो तरणा मेला त्याची जोडी लागलीच नव्हती.

मादीचं गणित वेगळं आहे आणि तेच मला जास्त उशिरा उमगलं. धाकटीला आम्ही मुद्दाम बिनजोडीची ठेवली, जास्त जगेल म्हणून. पण जोडी लागो न लागो, मादी अंडी घालतेच! थोरलीनं वसुबारसेला अंड्यांची पहिली पुडी घातली. पोटाच्या टोकातून फेस सोडत, ते टोक इकडून तिकडं फिरवत, तीन-साडेतीन तास. फेस वाळून खोबऱ्याच्या बर्फीसारखा घट्ट झाला, आधी पांढुरका, नंतर तपकिरी. चारच दिवसांनी, ऐन लक्ष्मीपूजनाला, धाकटीनंही पुडी घातली. दिसायला जरा लहान, बाकी तशीच. आत अंडी फोल. म्हणजे शरीराचा जो खर्च व्हायचा तो दोघींचा झाला. फरक एवढाच की एकीच्या खर्चातून पिल्लं निघणार आणि दुसरीच्या नाही.

एका जोडीवर थोरलीनं पुढं चार पुड्या घातल्या. नराचं बीज ती पोटात साठवून ठेवते, दर वेळी नवा नर लागत नाही. काही जातींत तर नराची गरजच नाही. दक्षिण आफ्रिकेतून न्यूझीलंडला पोचलेली स्प्रिंगबॉक नावाची एक जात आहे, तिच्यात बिनजोडीच्या मादीच्या अंड्यांतूनही पिल्लं निघू शकतात. आणि त्याच जातीवर ऑकलंडच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की नर तिथं चोरपावलांनी येत नाही, सरळ कुस्ती खेळतो. जो आधी आवळेल तो जिंकतो, आणि झटापटीत नराच्या नख्यांनी मादीच्या पोटाला जखमा होतात. म्हणजे जिवाचा धोका एकतर्फी नाही. हे वाचल्यावर मी थोरलीचं पोट भिंगातून बघितलं. टाका बघायचं भिंग असतंच माझ्याकडं. जखम नव्हती.

नराला खाल्ल्यानं मादीचा फायदा होतो का, ह्याचंही उत्तर आहे. २०१६ साली चिनी जातीच्या किड्यांवर विल्यम ब्राउन आणि कॅथरीन बॅरी ह्यांनी प्रयोग केला. नरांना खूण पटेल असं किरणोत्सारी द्रव्य खाद्यातून दिलं आणि मग ते कुठं जातं ते मोजलं. खाल्लेल्या नराच्या अंगातलं द्रव्य मादीच्या अंड्यांत पोचलेलं सापडलं, आणि नर खाणाऱ्या माद्यांनी अंडीही जास्त घातली. म्हणजे तिच्या लेखी तो एक मोठा, पौष्टिक घास. मग तोच घास आपण आधी टोळाच्या रूपानं द्यावा, नर वाचतो. ह्यात काही मोठं शास्त्र नाही, पाहुण्याआधी घरच्यांना जेवायला वाढण्यातलं आहे.

आता दिवस. थोरली सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गेली, १३ जानेवारीला. शेवटच्या कातीपासून १२९ दिवस. धाकटी २ फेब्रुवारीला, १४४ दिवस. पोरगी म्हणाली, बघा पप्पा, पंधरा दिवस जास्त जगली, जोडी नाही लावली म्हणून. मी म्हटलं, वही आण. वहीत तिनंच लिहिलेलं होतं की थोरलीला जवळजवळ रोज खाणं मिळत होतं, पुड्या घालते म्हणून आजीपण अळ्या द्यायची, "बाळंतीण आहे" म्हणून. धाकटीला तीन दिवसांतून एकदा. हा किडा जितका खातो आणि जितका उबेत राहतो तितक्या भराभर त्याचं आयुष्य सरतं, हे पाळणारे सगळे सांगतात. त्यात भर म्हणजे पोटभर खाणारी मादी मोठ्या पुड्या घालते आणि त्यात झिजते. अति खाऊ घातलेल्या बिनजोडीच्या माद्या कधी कधी अंडी अडून मरतात, तेही ऐकलेलं. शिवाय थोरलीची जाळी शिलाईच्या खोलीवर होती, खाली प्रेसचा बॉयलर, डिसेंबरातही उबदार. धाकटीची दुसरी जाळी, दिवाळीत घेतलेली, मागच्या गॅलरीत. माझ्या मते ते पंधरा दिवस ताटाचे आणि थंडीचे आहेत, लग्नाचे नाहीत. पोरीला पटलेलं नाही. दोन किड्यांवरून वाद मिटतही नाही.

बाकी जाळीचे गुणदोष. ओलावा हिच्यात टिकत नाही. सोलापूरची हवा मुळातच कोरडी, इस्त्रीच्या बाटलीनं फवारलं की दहा मिनिटांत वाळतं. किड्याला थेंब चाटायला मिळतात तेवढं पुरतं, पण पुड्यांना ओल लागते. मी टॉवेलचा जाड तुकडा, आपला सोलापुरीच, ओला करून छतावर बाहेरून टाकतो. साठवलेलं पाणी वापरतो, त्यातला क्लोरिन उडून गेलेला असतो. तळ त्याच कापडाचा असल्यानं पाणी गळतं, खाली ताट ठेवा.

समोरचं प्लास्टिक बघायला छान, किड्याला वाईट. त्याला ते दिसत नाही, पलीकडं जायला डोकं घासत राहतो. धाकटीच्या उजव्या डोळ्यावर डिसेंबरात बारीक काळा ठिपका आला, जानेवारीत तो वाढला, मग तिचा नेम चुकायला लागला. माशी समोर, झेप बोटभर बाजूला. पुढं मी चिमट्यानं अळी तोंडाला लावायचो, आधी दाबून, म्हणजे रस लागला की ती खायची. प्लास्टिकच्या आतून मी शेवटी अस्तराचं पातळ कापड लावलं. ते कंपनीनंच चारी बाजूंना जाळी देऊन टाळायला हवं होतं.

आणि ती फट. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली कटिंग टेबलावर पांढऱ्या शर्टिंगचे चाळीस थर लावून ठेवलेले होते. खडूनं मार्किंग करायला वाकलो तर कापडावर पिवळसर धाग्यांचे तुकडे चाललेले. चष्मा लावला. वसुबारसेची पुडी चाळीस दिवसांनी फुटली होती, आणि पिल्लं जाळीच्या छिद्रांतून नाही, चेनच्या त्या फटीतून एकेक करून बाहेर पडून जिन्यानं खाली आली होती. आईला बोलावलं. ती आदल्या दिवशीच बाळ्याहून भंडारा घेऊन आलेली, तिच्या मते तिथीला एक दिवस मागंपुढं चालतं. तिनं हात जोडले. त्या दिवशी कटर चालला नाही. बारा माणसं, रंगकामाचे मऊ ब्रश घेऊन, पिल्लं कागदावर उचलून अंगणातल्या झाडांवर सोडत होती. साठपर्यंत मोजली, मग सोडून दिलं. दुपारी त्या फटीवर एक इंचाची पट्टी शिवली, वेल्क्रो लावून. पुढच्या पुड्यांची पिल्लं आतच राहिली आणि मोजून बाहेर सोडली.

पाच पैकी साडेतीन तारे. छत आणि उंचीला पूर्ण गुण, शिलाईचा एक कापला, चेनचा अर्धा. ह्यातच ३० सेंटिमीटर उंचीचं स्वस्त माप येतं, ४२९ रुपयांना. पिल्लांना चालेल, जोडी लावायला नको.

धुऊन घडी घालायची म्हटलं तर एक अडचण राहिली आहे. थोरलीनं शेवटची पुडी जाळीच्या छतालाच चिकटवली, धाग्याधाग्यात फेस मुरलेला. पिल्लं निघून गेलीत, पुडी रिकामी आहे, पण कापल्याशिवाय निघत नाही आणि तिच्यासकट जाळी मिटत नाही. कात्री माझ्या खिशातच असते. पोरगी कापू देत नाही.